७२ सालच्या आकड्याचे कोडे आणि देवळालीचे मास्तर

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला नाही, त्यांनीही तो घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकला आहे. आज त्याच सालाचा आकडा घ्या. पाटी नसेल तर खताच्या पावतीची मागची बाजू चालेल.

१९७२ चे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, ९७२१. मग उलटे, १२७९. वजाबाकी करा, ८४४२ आले. त्याचीही तशीच मांडणी करून वजाबाकी करा. पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या खेपेला ६१७४ येते. (८०८२ ची लहान मांडणी ०२८८ धरायची.) आता ६१७४ वर हाच प्रयोग करा. ७६४१ मधून १४६७ गेले, राहिले पुन्हा ६१७४! चारही अंक सारखे नसलेला कोणताही चार अंकी आकडा घ्या, फार तर सात खेपांत तो इथेच येऊन थांबतो.

हे शोधणारा माणूस शेजारच्या नाशिक जिल्ह्यातला शाळामास्तर होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्या आकडेमोडीतूनच पोराला गणिताची गोडी लागली. ठाण्याला शाळा, पुण्याला फर्ग्युसन कॉलेज. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले. पुढे मोठी पदवी नाही. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवले. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गोष्ट मांडली.

आकड्यांना त्यांनी जातकुळी लावून दिली. अंकांच्या बेरजेने जो आकडा नि:शेष भागला जातो तो हर्षद, म्हणजे आनंद देणारा. १२ घ्या. १ आणि २ मिळून ३, तिनाने १२ भागले जातात. ६१७४ सुद्धा हर्षदच, १८ ने भागून बघा.

दुसरी जात स्वयंभू. २१ मध्ये त्याचेच अंक २ आणि १ मिळवा, २४ होतात, म्हणजे २४ चा बाप २१. ज्याला असा बापच सापडत नाही तो स्वयंभू. आपल्या साक्रीवरून जाणाऱ्या सुरत-धुळे महामार्गाचा जुना क्रमांक ६, त्याचा बाप ३. आताचा क्रमांक ५३ मात्र स्वयंभू आहे!

याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. त्या काळी विद्वानांनीही तेच विचारले, काहींनी तर हसण्यावारी नेले. मास्तर पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन तुटपुंजी, म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला देवळाली कळली. मास्तरांचे वय तोवर सत्तर झाले होते. १९८६ मध्ये ते गेले. आज ६१७४ ला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

६१७४ ने कांद्याला भाव मिळत नाही, हे खरे. पण तलाठी भाऊसाहेब असोत की ग्रामसेवक, आकड्यांशी रोजचा संबंध आपल्या सगळ्यांचा आहे. तेव्हा आज रात्री जेवणानंतर पोराला एक गट नंबर द्या, चार अंकी, आणि वजाबाकी करायला लावा. तो पुढचा आकडा मागत बसला, तर उपयोग काय म्हणून त्याला उठवू नका.