माजघरातला आवाज ऐकणारे हरिभाऊ

पुण्यात १८९१ साल उजाडले ते भांडणानेच. विवाहित मुलीच्या पतीसहवासाचे किमान वय दहावरून बारा करणारे संमतिवयाचे विधेयक जानेवारीत सरकारपुढे आले आणि शहर तापले. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, सुधारणा समाजाने आपणहून करावी, असा टिळकांचा पक्ष. रानडे, भांडारकर, आगरकर विधेयकाच्या बाजूचे. अग्रलेख झडले, शास्त्रवचने एकमेकांच्या अंगावर फेकली गेली, सभा उधळण्यापर्यंत मजल गेली. ज्यांच्यासाठी हे सारे रण माजले होते, त्या दहा-बारा वर्षांच्या मुली मात्र माजघरात खाली मान घालून वावरत होत्या. त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते.

त्याच सुमारास 'करमणूक' नावाच्या साप्ताहिकातून अशीच एक मुलगी आपली हकीकत सांगत होती. तिचे नाव यमू. कादंबरी होती 'पण लक्षात कोण घेतो?' आणि यमूच्या तोंडून बोलणारा लेखक होता जेमतेम सव्वीस वर्षांचा तरुण, हरी नारायण आपटे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातल्या पारोळे गावी झाला. आईचे छत्र फार लवकर हरपले. वाढले ते आधी मुंबईत आणि मग पुण्यात, काका महादेव चिमणाजी आपटे यांच्या आधाराने, नात्यागोत्याच्या माणसांनी भरलेल्या घरात. आई नसलेले मूल घरातल्या बायकांच्या मागेमागेच असते. सासुरवाशिणींची दबलेली बोलणी, विधवेच्या वाट्याला येणारा कोपरा, वडीलधाऱ्यांचा धाक हे सारे त्या मुलाने पाहिले असणार. एरवी मराठी बायकांची इतकी खरी बोली त्यांच्या लेखणीत उतरली नसती.

न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्यासारखे शिक्षक लाभले. पुढे आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर केले, तेव्हा या शिष्याने त्याची प्रदीर्घ आणि परखड चिकित्सा केली! कॉलेजात मात्र गणिताने दगा दिला आणि पदवी हाती लागली नाही. इंग्रजी कादंबऱ्यांचे वेड मात्र जडले ते कायमचेच. १८८५ मध्ये 'मधली स्थिती' ही पहिली कादंबरी आली. काकांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रमाचा कारभार हरिभाऊंकडे आला. म्हणजे जुन्या संस्कृत ग्रंथांच्या छपाईची देखरेख करायची आणि शास्त्राच्या नावावर चाललेल्या रूढींना आपल्या कादंबरीत प्रश्न विचारायचे, अशी दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातून होत राहिली.

१८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' सुरू केले. नावातच हेतू स्पष्ट होता. आगरकरांचा 'सुधारक' युक्तिवाद करी. तो वाचून कित्येकांचा संताप होई, इतका की आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. 'करमणूक' वाद घालीत नसे, गोष्ट सांगे. ते घरात शिरे.

यमूच्या गोष्टीत तरी काय होते? माहेरचे लाड आणि धाक, लहानपणचे लग्न, सासरचा जाच. मग पती रघुनाथरावांबरोबर मुंबईला बिऱ्हाड, तिथे लिहिणे-वाचणे, मोकळा श्वास, थोडे दिवसांचे सुख. आणि पतीच्या मृत्यूनंतर शंकरमामंजींसारख्या धर्माचा टेंभा मिरवणाऱ्या माणसाच्या तावडीत सापडलेल्या यमूचे जबरदस्तीने केलेले केशवपन. सभेत केशवपन हा एक मुद्दा होता. कादंबरीत ते यमूचे केस होते. आठवड्यामागून आठवडे जिच्याबरोबर वाचक हसले-रडले होते, तिचे केस!

हरिभाऊंनी आणखी एक गोष्ट दाखवली. रूढी केवळ दुष्ट पुरुष चालवत नाहीत. छळणारे हात बायकांचेही असतात आणि भल्या माणसांचे मौनही त्याला हातभार लावते. दोन पक्षांच्या भांडणात ही गुंतागुंत मांडायला जागाच नसते. तिथे बाजू घ्यावी लागते. कादंबरी आधी माणूस दाखवते, मग बाजू घ्यायची ती वाचकाने.

मार्च १८९१ मध्ये कायदा मंजूर झाला. यमूची कहाणी १८९३ पर्यंत चालूच होती. त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला. ही सारी कादंबरीची पुण्याई, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. यमू स्वतः तर हरूनच जाते. पण या बदलांमागचे दुःख पुढच्या पिढ्यांना कळले, ते विधेयकाच्या कलमांतून नव्हे.

नंतरच्या 'मी' कादंबरीतला भावानंद देशकार्याला सर्वस्व वाहणाऱ्या संन्यस्त कार्यकर्त्याचे स्वप्न पाहतो. गोखल्यांचा भारत सेवक समाज निघाला तो १९०५ मध्ये. 'उषःकाल'मधून हरिभाऊंनी शिवकाल उभा केला. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही सांभाळले आणि १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. कामाच्या या रगाड्यात काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना.

आजही स्त्रियांविषयी, शेतकऱ्यांविषयी, जातींविषयी आपल्याकडे रोज वाद रंगतात. आकडे फेकले जातात, आवाज चढतात. अशा वेळी टीव्ही क्षणभर बंद करून ज्याच्याविषयी हे चालले आहे तो या गलक्यात बोलतो आहे का, हे पाहावे. बोलत नसेल, तर एखाद्या कादंबरीत तो बोलत असण्याचा संभव आहे. घरात हरिभाऊंची ती जुनी जाडजूड कादंबरी असेल, तर या रविवारी धूळ झटकून उघडावी. यमूने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न तिच्या मुखपृष्ठावरच आहे.