शिवरायांचा भव्य पुतळा घडवणाऱ्या शिल्पकाराने अंगणात सिमेंटची म्हैस बसवली

अलिबागहून रेवसकडे जाताना सासवणे गाव लागतं. तिथल्या एका घराच्या आवारात म्हैस आहे. पहिल्यांदा आलेला माणूस तिला बिचकून लांबूनच पुढे जातो. मग कळतं, म्हैस सिमेंटची आहे.

तिला घडवणारे होते विनायक पांडुरंग करमरकर उर्फ नानासाहेब.

शिरूर-दौंडकडून पुण्याला येणाऱ्या अनेकांनी त्यांचं काम पाहिलंय, फक्त नाव ठाऊक नसतं. शिवाजीनगरला शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये महाराजांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे ना? तो करमरकरांचा. १९२८ मध्ये त्याचं अनावरण झालं. एवढा मोठा पुतळा माझगाव गोदीत ओतून घेतला होता.

करमरकरांचा जन्म १८९१ चा, सासवण्यातलाच. घरी गणपतीच्या मूर्ती व्हायच्या, त्यामुळे माती हाताला लहानपणीच लागली. त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी पाहिलं आणि या पोराला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. पुढे कलकत्ता झालं, लंडन झालं.

शिवरायांच्या पुतळ्यानंतर मोठी नावं, मोठी कामं मिळत गेली. पण पुतळे कुणाचे व्हायचे? राजांचे, पुढाऱ्यांचे, पैसेवाल्यांचे. करमरकरांनी तोच जीव ओतून कोळीण घडवली, गावची साधी माणसं घडवली, जनावरं घडवली. त्यासाठी साधं बांधकामाचं सिमेंटही वापरलं. सिमेंट ब्राँझपेक्षा कितीतरी स्वस्त आणि कोकणच्या पावसात उघड्यावर टिकणारं. फक्त ते एकदा घट्ट झालं की हातचुकीला माफी नाही.

आज गॅलरीत मांडणी अशी करतात की बघणारा तिच्यात शिरतो, फसतो, हसतो. त्याला इन्स्टॉलेशन आर्ट म्हणतात. तेव्हा आपल्याकडे हा शब्दही रुळला नव्हता. पण आवारातली म्हैस माणसाला तसंच फसवते. इथे शिल्प आहे हे आधी कळतच नाही.

१९६७ मध्ये करमरकर गेले. घरच्यांनी शिल्पं विकली नाहीत, घराचंच संग्रहालय केलं. तिथे दीडशेहून जास्त शिल्पं आहेत.

मांडव्याला बोटीने उतरून अलिबागच्या बीचवर निघाला असाल, तर वाटेत तासभर सासवण्याला थांबा. म्हशीला वळसा घालायची गरज नाही.