माझ्या हेडफोनमधला फूरिए

या अंकासाठी चरित्रलेख लिहायचा असं मंडळाच्या बैठकीत ठरलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं मी फादर स्टीफन्सवर नाहीतर रेव्हरंड टिळकांवर लिहिणार. कॅथलिक मुलगा, त्यात मराठी साहित्याचा विद्यार्थी, दुसरं काय लिहिणार! पण मी लिहितोय एका फ्रेंच गणितज्ञावर. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्या माणसाने हे का करावं, ते आधी सांगतो.

पप्पा कुवेतमध्ये नोकरीला होते तेव्हा त्यांनी एक वायरवाला हेडफोन आणला होता. जाडजूड, काळा, कानावर बसला की बाहेरचं जग बंद. मी तो अजून वापरतो. पण माझ्या नव्या फोनला हेडफोनचं भोकच नाही. मग खडेबाजारातून एक काडेपेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर आणला. फोनमधून आवाज हवेतून या डबीत येतो आणि डबीत हेडफोनची पिन खोचायची. दुकानदाराने एचडी साउंड म्हणून छातीठोक सांगितलं होतं. घरी येऊन नाताळातलं आमच्या कॉयरचं रेकॉर्डिंग लावलं, तर आवाज ठीक होते, पण झांजा अशा वाजत होत्या की कोणीतरी पत्र्यावर वाळू घासतंय. व्हायोलिनवर तर जणू ओलं फडकं टाकलेलं.

इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या मित्राने फोनमधले डेव्हलपर ऑप्शन्स उघडून दाखवले. तिथे कोडेकच्या पुढे लिहिलं होतं, एसबीसी. त्याने समजावलं की फोन आणि रिसीव्हर दोघांना जी भाषा येते त्याच भाषेत ते बोलतात, आणि माझ्या डबीला ही एकच येते. मग त्याने फोरिअर, फोरिअर असं काहीतरी सुरू केलं. मी नाव शोधलं. उच्चार फूरिए निघाला. आणि त्याच्या चरित्राचं पहिलं पान वाचूनच मी थबकलो, कारण हा माणूस धर्मगुरू व्हायला मठात गेला होता आणि व्रतं न घेता परत आला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बारावीनंतर मीही एक वर्ष सेमिनरीत होतो. परत आलो. आमच्या कॅम्पातल्या चर्चच्या पायऱ्यांवर दर रविवारी कोणीतरी आँटी अजून विचारते, काय रे, का सोडलंस? तिच्या मनात वाईट काही नसतं. पण उत्तर द्यायला मला अजून जमत नाही.

झाँ बाप्टिस्ट जोसेफ फूरिएचा जन्म २१ मार्च १७६८ चा, फ्रान्समधल्या ओसेर गावचा. वडील शिंपी. घरात पोरं पुष्कळ. जोसेफ नऊ-दहा वर्षांचा होईपर्यंत आई गेली आणि पाठोपाठ वडीलही. पोरक्या पोराला गावातल्या लष्करी शाळेत जागा मिळाली. शाळा लष्करी असली तरी चालवायचे बेनेडिक्टाइन संन्यासी. तिथे तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याला गणिताची गोडी लागली. दिवसभर जळून उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे गोळा करायचे आणि रात्री सगळे झोपले की त्यांच्या उजेडात गणितं सोडवत बसायचं, असं त्याचे चरित्रकार सांगतात.

शाळा संपली तेव्हा त्याला तोफखान्यात जायचं होतं. पण तो सरदार घराण्यातला नव्हता. शिंप्याच्या मुलाला ते दार बंदच. मग १७८७ मध्ये तो ल्वार नदीकाठच्या सां-बेनुआच्या मठात नवशिका म्हणून दाखल झाला. संत बेनेडिक्ट यांचे अवशेष जिथे जपलेत तोच हा मठ. प्रार्थना चालू होत्या, पण मन गणितात. मठात राहूनच त्याने समीकरणांवर एक निबंध लिहिला, आणि १७८९ मध्ये तो पॅरिसच्या अकादमीपुढे गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याला एकविसावं लागलं. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या पत्रात त्याने खंत केली आहे की या वयापर्यंत न्यूटन आणि पास्कल यांनी अमर होण्याची सोय करून ठेवली होती. हे वाचताना मला हसू आलं आणि मग आलं नाही. मीही एकवीसचा आहे. माझ्या खात्यावर दोन कविता आणि एक अर्धवट एकांकिका आहे.

त्या शरदात राज्यक्रांतीच्या नव्या सरकारने मठांमध्ये व्रतं घेण्यावर बंदी आणली. फूरिएची व्रतं अगदी तोंडावर आली होती. ती झालीच नाहीत. तो ओसेरला परतला आणि आपल्याच जुन्या शाळेत शिकवू लागला.

पुढे तो गावच्या क्रांतिकारी समितीत गेला. समतेची कल्पना त्याला मनापासून पटली होती, आणि तोफखान्याचं दार ज्याच्या तोंडावर बंद झालं त्याला ती पटणारच. पण क्रांतीने गिलोटिन चालवायला सुरुवात केली तेव्हा त्याने पकडलेल्या लोकांची बाजू घेतली. ते भोवलं. १७९४ च्या जुलैमध्ये त्याला अटक झाली. मान जाणार हे जवळपास नक्की होतं. त्याच महिन्याच्या अखेरीस रोबेस्पिएरचीच मान गेली आणि फूरिए सुटला.

मग दिवस पालटले. पॅरिसला नव्या शिक्षकशाळेत तो विद्यार्थी म्हणून गेला. शिकवायला लाग्रांज, लाप्लास आणि माँज, म्हणजे त्या काळचे गणितातले तिन्ही देव. थोड्याच वर्षांत तो पॉलिटेक्निकमध्ये लाग्रांजच्याच जागी प्राध्यापक झाला. १७९८ मध्ये नेपोलियन त्याला इजिप्तच्या मोहिमेवर घेऊन गेला. कैरोत स्थापलेल्या विद्वानांच्या संस्थेचा तो सचिव होता. १८०१ मध्ये परत आला तेव्हा त्याला पॅरिसला शिकवायचं होतं, पण नेपोलियनने त्याला ग्रनोबलला प्रीफेक्ट करून पाठवलं. प्रीफेक्ट म्हणजे आपल्याकडचा कलेक्टर म्हणा ना.

कलेक्टर म्हणून त्याने काम चोख केलं. बुर्ग्वाँच्या दलदली काढल्या, त्यासाठी एकमेकांशी भांडणाऱ्या गावांना एकत्र बसवलं. आल्प्समधून तुरिनकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम लावलं. आणि फायलींतून वेळ काढून तो एकच प्रश्न उलगडत होता, की उष्णता घन वस्तूतून कशी पसरते. लोखंडाची कडी एका बाजूने तापवायची आणि तिच्यावर ठिकठिकाणी थर्मामीटर लावून आकडे टिपायचे.

इथे तो मुद्दा येतो ज्यासाठी माझ्या मित्राने त्याचं नाव घेतलं. कडीवरचं तापमान इथे जास्त, तिथे कमी, कसंही वेडंवाकडं असू शकतं. फूरिएने म्हटलं की तो वेडावाकडा आकार साध्या, गुळगुळीत लाटांची बेरीज म्हणून मांडता येतो. एक संथ लाट, तिच्यावर दुप्पट वेगाची, मग तिप्पट, असं करत जायचं. कोणती लाट किती मोठी घ्यायची याचं सूत्रही त्याने दिलं.

मला हे कॉयरवरून कळलं. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास मिळून एक आवाज तयार होतो. फूरिएचं गणित म्हणजे उलटा प्रवास आहे. तो एकत्र आवाज ऐकायचा आणि सांगायचं की यात कोणकोणते स्वर आहेत आणि कोण किती जोरात गातंय.

२१ डिसेंबर १८०७ रोजी त्याने हे सगळं पॅरिसच्या संस्थेपुढे मांडलं. परीक्षकांत त्याचे तिन्ही गुरू आणि चौथा लाक्र्वा. लाग्रांजला ते मान्य झालं नाही. ताणलेल्या तारेच्या कंपनांवरून आधीच्या पिढीत असाच वाद झाला होता, आणि लाग्रांज त्यात स्वतः होता. कोणताही तुटका, टोकेरी आकार लाटांच्या बेरजेतून निघतो हे त्याला पटेना. निबंध छापला गेला नाही.

फूरिएने ते सोडलं नाही. १८११ मध्ये संस्थेने उष्णतेवर स्पर्धा ठेवली, त्याने सुधारलेला निबंध पाठवला. बक्षीस मिळालं, पण सोबत शेरा आला की मांडणीत काटेकोरपणा कमी आहे. निबंध परत तसाच पडून राहिला. ज्यांनी शिकवलं त्यांनीच अडवलं, हे दुखणं त्याला फार लागलं. पण खरं सांगायचं तर परीक्षक सगळे चुकले नव्हते. पुरावा खरंच अपुरा होता. तो नीट भरून काढला १८२९ मध्ये डिरिक्लेने, ज्याला तरुणपणी पॅरिसमध्ये फूरिएनेच उत्तेजन दिलं होतं.

१८१५ मध्ये नेपोलियन एल्बाहून सुटून ग्रनोबलच्या वाटेने पॅरिसकडे निघाला. फूरिए राजाशी इमान राखून लिऑनला गेला. मग नेपोलियनने त्यालाच तिथला प्रीफेक्ट केलं आणि त्याने काही आठवड्यांत ते पद सोडलं. नेपोलियन पडल्यावर नोकरी नाही, पेन्शन नाही. एका जुन्या विद्यार्थ्याने त्याला पॅरिसच्या आकडेवारी कचेरीत लावून घेतलं. १८१६ मध्ये अकादमीने निवडलं तर राजाने नाव फेटाळलं. पुढच्या वर्षी पुन्हा निवडलं, तेव्हा मानलं. शेवटी १८२२ मध्ये त्याचं उष्णतेवरचं पुस्तक निघालं, पहिल्या निबंधानंतर पंधरा वर्षांनी. त्याच वर्षी तो अकादमीचा कायम सचिव झाला.

शेवटच्या वर्षांत इजिप्तहून आल्यापासूनची थंडीची तक्रार वाढली होती. गरम खोलीत, जाड कपड्यांत तो बसायचा. जन्मभर उष्णतेचा अभ्यास केलेल्या माणसाला ऊब मिळेना. लग्न केलं नाही. १६ मे १८३० रोजी पॅरिसमध्ये तो गेला. आयफेल टॉवरवर जी ७२ नावं कोरली आहेत, त्यांत त्याचंही आहे.

आता परत माझ्या डबीकडे. सीडीवरच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, दोन कानांसाठी दोन. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. ब्लूटूथच्या हवेतल्या वाटेवर एवढं ओझं सलग नेणं कठीण. म्हणून कोडेक सामान कमी करतो. एसबीसी आवाजाचे ४ किंवा ८ पट्टे पाडतो आणि कोणत्या पट्ट्याला किती बिट द्यायचे ते ठरवतो. चांगल्या सेटिंगला तो सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत जातो, मूळच्या पाव हिश्श्याहून कमी. स्वस्त डब्यांत त्याहूनही कमी असू शकतं, आणि मग कात्री बसते ती वरच्या पट्ट्यांवर, म्हणजे झांजांवर. एएसी हेच काम फार बारकाईने करतो. दर वेळी १,०२४ नमुने घेऊन तेवढ्याच लाटांमध्ये आवाज उलगडतो. मोठ्या स्वराच्या शेजारचा बारीक स्वर कानाला ऐकू येत नाही, तर तो कमी बिटांत भागवतो. एलडॅक ९९० किलोबिटपर्यंत देतो, पण त्याला सिग्नल चांगला लागतो. हे सगळं आवाजाच्या लाटा वेगळ्या केल्याशिवाय होत नाही, आणि ते गणित फूरिएच्या घराण्यातलं.

मित्राने त्याचा एलडॅकवाला रिसीव्हर दोन दिवस दिला. हेडफोन तोच, रेकॉर्डिंग तेच. झांजा झांजांसारख्या वाजल्या. नुसत्या गाण्याच्या आवाजात मात्र मला फरक सांगता आला नाही, हेही कबूल करतो. आणि सगळा दोष कोडेकचाच असं नाही. डबीतला आकड्यांचा आवाज करणारा चिप आणि इवलासा ॲम्प्लिफायरही बरंच काही करतात किंवा बिघडवतात. तेव्हा घेताना डबीवरचं एचडी वाचू नका. कोणते कोडेक चालतात ते विचारा, आणि तेच तुमच्या फोनला येतात का ते बघा.

फूरिएने मठ सोडला, तोफखाना मिळाला नाही, गुरूंनी निबंध अडवला, राजाने नाव खोडलं. त्याच्या आयुष्यातली बरीचशी दारं त्याच्या मनाविरुद्ध बंद झाली किंवा उघडली. पण मेणबत्तीच्या तुकड्यांवर सुरू केलेलं काम त्याने मठात, तुरुंगानंतर, कैरोत, कलेक्टर कचेरीत कुठेच टाकलं नाही. सेमिनरी सोडली म्हणजे सगळं सोडलं असं मला वर्षभर वाटत होतं. तिथे मी रोज संध्याकाळी फादरांच्या लायब्ररीत मराठी पुस्तकं वाचायचो. ते मी अजून करतो. येत्या रविवारी आँटीने विचारलं तर एवढंच सांगेन. आणि मग कॉयरमध्ये माझ्या बासच्या जागी जाऊन उभा राहीन.