दोम पियेर पेरिन्यों : ओव्हिलेर मठाचे कोठारी

ज्युबिलीच्या स्मरणिकेत संतांची व मिशनऱ्यांची चरित्रे द्यावीत असा रिवाज आहे. यंदा आम्ही तो थोडा मोडीत आहो. ज्यांस संतपद लाभलेले नाही, आणि ज्यांचे नाव आज प्रार्थनेपेक्षा मेजवानीतच अधिक घेतले जाते, अशा एका मठवासीयाचे हे चरित्र आहे. निमित्त असे की, घरी लग्नकार्य निघाले म्हणजे पुण्यामुंबईस नोकरीला असलेली आमची तरुण मंडळी शॅम्पेन कोणती आणावी असे आम्हांस विचारू लागतात. म्हसवडसारख्या दुष्काळी मुलखातील धर्मगुरूस हा प्रश्न पुसावा हे नवलच खरे. परंतु प्रश्न आला आहे तर उत्तर नीट द्यावे, आणि ते पेरिन्यों यांच्या ओळखीवाचून देता येत नाही.

पियेर पेरिन्यों यांचा जन्म १६३८ च्या सुमारास फ्रान्स देशाच्या शॅम्पेन प्रांतात, सेंत-मेनेऊ या गावी झाला. वडील तेथील न्यायकचेरीत कारकून होते. मातेचे छत्र लहानपणीच हरपले. शालों येथे येशूसंघीयांच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले व पुढे व्हर्दन येथील मठात त्यांनी संत बेनेडिक्टच्या संघाची दीक्षा घेतली. १६६८ साली, वयाच्या तिशीच्या सुमारास, ओव्हिलेरच्या मठाचे कोठारीपण त्यांजकडे आले, ते त्यांनी मृत्यूपर्यंत म्हणजे सत्तेचाळीस वर्षे सांभाळले.

हा मठ मार्न नदीच्या खोऱ्यात, एपर्ने शहरानजीकच्या टेकडीवर सातव्या शतकात स्थापन झालेला. सम्राट कॉन्स्टंटाईनची माता संत हेलेना हिचे अवशेष तेथे पूजिले जात. मागील शतकातील धर्मयुद्धांत मठाची पुष्कळ नासधूस झाली होती. उत्पन्नाचे मुख्य साधन द्राक्षमळे. संत बेनेडिक्टच्या नियमावलीप्रमाणे कोठाऱ्याने मठाची भांडीकुंडी वेदीवरील पवित्र पात्रांइतकीच जपावयाची असतात. पेरिन्यों यांनी द्राक्षमळेही त्याच भावनेने जपले व वाढविले. त्यांच्याच कारकीर्दीत इकडे १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि १७०० साली आमच्या याच माण नदीच्या पुराने खवासपूर येथील औरंगजेबाच्या छावणीची दाणादाण उडविली. तिकडे टेकडीवर मात्र छाटणी, तोडणी आणि हिशेब यांवाचून दुसरी घडामोड नव्हती.

आता लोकप्रवादाकडे वळू. पेरिन्यों यांनी फेसाळ द्राक्षारसाचा शोध लावला, पहिला घोट घेताच ताऱ्यांविषयी काही काव्यमय उद्गार काढले, आणि ते अंध होते, असे सर्वत्र सांगितले जाते. यांपैकी पहिली गोष्ट खरी नाही, दुसरी मागाहून जाहिरातदारांनी पसरविलेली आहे आणि तिसरीस पुरेसा आधार नाही. त्या थंड प्रांतात हिवाळ्यात रस आंबण्याचे थांबे व वसंतात पुन्हा सुरू होई. त्यामुळे बंद बाटलीत वायू कोंडून बाटल्या फुटत. कोठाऱ्याच्या दृष्टीने हे बुडबुडे म्हणजे नुकसान होते, आणि पेरिन्यों यांची खटपट ते टाळण्याचीच होती. साखर घालून द्राक्षारस फेसाळ करण्याची युक्ती लंडनच्या विद्वत्सभेपुढे ख्रिस्टोफर मेरेट यांनी १६६२ साली, म्हणजे पेरिन्यों ओव्हिलेरला येण्यापूर्वी सहा वर्षे, सांगितलेली आहे.

शोधाची कथा पुढे आली ती १८२१ साली, ग्रोसार नावाच्या धर्मबंधूंच्या पत्रातून. राज्यक्रांतीत मठ बंद पडल्यावर आपल्या उद्ध्वस्त घराचा मान वाढावा म्हणून त्यांनी ती रंगविली असावी. त्यांचे दुःख आम्हांस समजते. परंतु आमच्याच माणसाने हे करावे याचे वाईटही वाटते. ज्याने अर्धशतक प्रामाणिक हिशेब ठेवला, त्याच्या डोक्यात उसने पीस कशास खोवावे?

त्यांचे खरे कर्तृत्व निराळे आहे. वेली आखूड छाटून पीक थोडे पण कसदार घ्यावे. तोडणी सकाळच्या गारव्यात करावी. फुटकी व दबलेली द्राक्षे टाकून द्यावीत. वाहतुकीस बुजऱ्या घोड्यांपेक्षा शांत खेचरे वा गाढवे बरी. आणि काळ्या द्राक्षांचा रस सालीचा रंग उतरण्यापूर्वी, हलक्या दाबाने, त्वरित काढावा, म्हणजे तो स्वच्छ निघतो. त्यांच्या मरणानंतर तीन वर्षांनी, १७१८ साली छापलेल्या एका पुस्तिकेत त्या प्रांतातील ही रीत वर्णिलेली आहे. याहून मोठी गोष्ट म्हणजे मिश्रण. निरनिराळ्या उतारांवरची द्राक्षे चाखून, कोणाचा आंबटपणा कोणाच्या गोडव्याशी जुळेल, हे ते चरकात घालण्यापूर्वीच ठरवीत असे सांगतात.

निवड करणाऱ्याने त्यांजपासून हेच घ्यावे, की आधी आपली जीभ ओळखावी आणि मग बाटली. आज बाटलीत मुद्दाम दुसऱ्यांदा आंबवण करून फेस आणतात व शेवटी थोडी साखर घालतात. ती किती, हे चिठ्ठीवरील एका शब्दावरून कळते. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरला बारा ग्रॅमहून कमी साखर, चवीस कोरडी. ‘ब्रूट नेचर’मध्ये तीनहून कमी. ‘एक्स्ट्रा ड्राय’ या नावाने पुष्कळजण फसतात. ती ब्रूटहून गोड असते, बारा ते सतरा ग्रॅम. ‘सेक’ त्याहून गोड, आणि ‘देमी-सेक’मध्ये बत्तीस ते पन्नास ग्रॅम. ज्यांस सरबताची सवय आहे त्यांनी दिमाखाखातर ब्रूट आणून तोंड वाकडे करू नये. पुरणपोळीच्या पंगतीस देमी-सेक, भजी अथवा तळलेल्या मासळीस ब्रूट, असा आमचा सल्ला. केवळ शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाची हलकी व लिंबासारखी लागते; काळ्या पिनो नुआरची भरदार. गाळावर दीर्घकाळ राहिलेलीस भाजलेल्या पावाचा वास येतो. तो सर्वांस रुचतोच असे नाही.

शॅम्पेन हे नाव मात्र त्या प्रांतातील मालासच शोभते, हेही ध्यानी असावे. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात नारायणगाव येथे फ्रेंच जाणकारांच्या साह्याने फेसाळ द्राक्षारस होऊ लागला. पेरिन्यों यांचे नाव ज्या घराण्याच्या उंची बाटलीवर आहे, त्याच घराण्याने २०१३ साली नाशिकच्या द्राक्षांपासून केलेला माल बाजारात आणला. लग्नापायी कर्ज काढून परदेशी बाटली आणण्यापेक्षा ही निवड शहाणपणाची. आणि ज्या घरात दारूने आधीच एक चूल विझविली आहे, तेथे कोणतीच बाटली नको. हे आम्ही अनेक घरांच्या ओट्यावर बसून पाहिले आहे. संत बेनेडिक्टनेही मठवासीयांस द्राक्षारसाचे रोजचे माप बेताचेच बांधून दिले, आणि जेथे तो मिळतच नाही तेथील बंधूंनी कुरकुर न करता देवाचे आभार मानावेत असे लिहून ठेवले. टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेल्या आमच्या माणदेशी मंडळींस ते कलम समजावून सांगावे लागत नाही.

पेरिन्यों १७१५ च्या सप्टेंबरात निवर्तले. त्याच महिन्यात त्यांचा समवयस्क राजा चौदावा लुई हाही मरण पावला. ओव्हिलेरच्या चर्चमध्ये काळ्या शिळेखाली त्यांची समाधी आहे. तीवरील लॅटिन लेखात त्यांनी सत्तेचाळीस वर्षे मठाची कोठी वाहिली, कारभार लौकिकाने केला आणि गोरगरिबांवर पित्याप्रमाणे माया केली, एवढे नमूद आहे. द्राक्षारसाचा त्यात उल्लेख नाही.