शून्य, एक आणि टेबलावरची आगगाडी

टेबलावर मांडलेल्या एकाच रुळावर दोन छोटी इंजिने उभी आहेत. हातातल्या नियंत्रकावर ३ नंबर निवडला की ३ नंबरचेच इंजिन चालू लागते. ७ नंबरचे दिवा लावून जागीच उभे राहते. दोघांनाही वीज त्याच रुळातून मिळते, तरी आपला हुकूम कोणता हे प्रत्येकाला कळते. घरगुती मॉडेल रेल्वेच्या या डिजिटल नियंत्रणाच्या मुळाशी जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या मुलाचे गणित आहे. त्याचे नाव जॉर्ज बूल. पावसात भिजल्यानंतर आलेल्या तापातून हा गणिती उठलाच नाही. त्यांचे गणित जसे समजून घ्यावे, तसाच त्यांचा शेवटचा आजारही समजून घेण्यासारखा आहे.

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन या गावी झाला. वडील जॉन यांचे जोड्यांचे दुकान होते, पण त्यांचा जीव दुर्बिणी आणि भिंगांत रमे. धंदा जेमतेम चाले. जॉर्ज यांचे शालेय शिक्षण तुटपुंजे झाले. लॅटिनची सुरुवात गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याच्या मदतीने झाली. ग्रीक, फ्रेंच आणि जर्मन त्यांनी स्वतःच आत्मसात केल्या. १६ व्या वर्षी घर चालवण्यासाठी ते डॉनकास्टरला साहाय्यक शिक्षक झाले आणि १९ व्या वर्षी त्यांनी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. दिवसा शिकवणे आणि रात्री गणित, असा त्यांचा दिनक्रम होता. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या शिक्षकाला १८४४ मध्ये रॉयल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले.

लिंकनमध्ये असताना दुकानातील नोकरांना संध्याकाळी लवकर सुट्टी मिळावी, या चळवळीतही ते होते. १८४७ मध्ये फावल्या वेळाचा चांगला उपयोग कसा करावा, या विषयावर त्यांनी व्याख्यान दिले. विश्रांती आणि छंद ही श्रीमंतांची चैन नाही, माणसाची गरज आहे, अशी त्यांची धारणा होती.

तर्काचे गणित

त्याच वर्षी बूल यांचे तर्काच्या गणितावरचे पहिले पुस्तक आले आणि १८५४ मध्ये विचारांच्या नियमांवरचा मोठा ग्रंथ. त्यातली मूळ कल्पना बोदलकसाच्या तलावाकाठी उभे राहूनही समजते. हिवाळ्यात तिरोडा तालुक्यातील या तलावावर स्थलांतरित पक्षी उतरतात. तलावावरच्या सर्व पक्ष्यांमधून फक्त स्थलांतरित पक्षी निवडा. मग निवडलेल्यांमधून पुन्हा स्थलांतरितच निवडा. हाती तेच पक्षी राहतात. निवडीच्या या क्रियेला ‘क्ष’ म्हटले, तर क्ष गुणिले क्ष म्हणजे क्षच. नेहमीच्या संख्यांमध्ये ही अट दोनच संख्या पाळतात: ० आणि १. बूल यांच्या मांडणीत १ म्हणजे सगळे आणि ० म्हणजे काहीच नाही. अशा रीतीने ‘आहे’ आणि ‘नाही’ यांचे गणित तयार झाले.

बूल हयात असताना या गणिताचा व्यवहारात उपयोग काय, हे कोणाला सांगता आले नसते. १९३७ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत क्लॉड शॅनन या तरुणाने आपल्या प्रबंधात दाखवले की, विजेच्या चालू-बंद होणाऱ्या रिलेंच्या जोडण्या बूल यांच्या गणिताने मांडता आणि सोप्या करता येतात. संगणकाचा पाया इथे घातला गेला. त्याच एमआयटीत १९४६ मध्ये विद्यार्थ्यांनी मॉडेल रेल्वेचा क्लब काढला आणि टेलिफोनचे रिले वापरून गाड्या चालवल्या. पुढे जर्मनीतील लेंझ कंपनीने विकसित केलेली डिजिटल पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॉडेल रेल्वे संघटनेने प्रमाण म्हणून स्वीकारली. तिलाच डीसीसी म्हणतात.

इंजिनाला हुकूम कसा कळतो?

जुन्या पद्धतीत रुळातली वीज कमी-जास्त केली की गाडीचा वेग बदलतो. त्यामुळे त्या रुळावरची सगळी इंजिने एकदमच धावतात. डीसीसीत रुळावर वीज कायम पूर्ण असते आणि तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते. उलटण्याचा काळ थोडा असेल तर १, जास्त असेल तर ०. या ० आणि १ च्या माळेतून हुकूम जातो. इंजिनातील डिकोडर नावाची छोटी पट्टी तो वाचते. हुकुमाचे साधारण तीन भाग असतात: इंजिनाचा नंबर, काय करायचे ते आणि शेवटी तपासणीचा आकडा.

हा तपासणीचा आकडा बूल यांच्या गणितातूनच येतो. पहिल्या दोन भागांतील एकेक अंक समोरासमोर ठेवायचा. दोघांपैकी एकच १ असेल तर १ लिहायचा, दोन्ही सारखे असतील तर ०. उदाहरणार्थ, ००००००११ आणि ०११०१००० यांच्यापासून ०११०१०११ मिळतो. डिकोडर हाच हिशेब स्वतः पुन्हा करतो. उत्तर जुळले नाही तर हुकूम चुकीचा पोहोचला असे समजून तो सोडून देतो. अंदाजाने काहीच करत नाही. बरोबर हुकूम थोड्याच वेळात पुन्हा येतो.

घरी सुरुवात करताना एक गोल मार्ग, डिकोडर बसवलेले एक इंजिन आणि एक डिजिटल नियंत्रक पुरेसे आहे. नियंत्रकाच्या दोन तारा रुळांना जोडल्या की गाडी धावू शकते. नव्या डिकोडरचा नंबर बहुधा ३ असतो. दुसरे इंजिन आणले की त्याचा नंबर बदलावा, आणि तो बदलताना रुळावर ते एकटेच ठेवावे. जुना आणि नवा नियंत्रक एकाच रुळाला कधीही एकत्र जोडू नयेत. डिकोडर नसलेले इंजिन डिजिटल रुळावर उभे करून ठेवल्यास त्याची मोटार गुणगुणते, तापते आणि जळू शकते. रूळ व चाके स्वच्छ ठेवावीत, कारण मळामुळे हुकूम तुटतात. संचाबरोबर आलेला अडॅप्टरच वापरावा. डाक लावताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, खिडकी उघडी ठेवावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. काही सोल्डरमध्ये शिसे असते. सुटे बारीक भाग आणि चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

गोंदिया हे एकेकाळी नॅरोगेजचे मोठे जंक्शन होते. ७६२ मिलिमीटर रुंदीचा तो रूळ १:८७ या प्रमाणात साधारण ९ मिलिमीटरचा होतो आणि त्या मापाचे रूळ तयार मिळतात. तेव्हा लहानपणी पाहिलेली ती गाडी टेबलावर पुन्हा धावू शकते. असे काम पाहायचे असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे.

शेवटचा आजार

१८५५ मध्ये बूल यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाला. ज्यांचे नाव शिखराला दिले गेले ते जॉर्ज एव्हरेस्ट मेरी यांचे काका. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला वारले आणि ते काम एव्हरेस्ट यांच्याकडे आले. जंगलातील तापाने त्यांचीही प्रकृती वारंवार बिघडत असे. भारतीय तर्कविचार काकांमार्फत इंग्लंडच्या गणितज्ञांपर्यंत पोहोचला, असे मेरी यांनी पुढे जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून लिहिलेल्या लेखात मांडले. हे त्यांचे मत होते. त्याला ठोस पुरावा नाही.

नोव्हेंबर १८६४ मध्ये बूल घरून कॉलेजला सुमारे पाच किलोमीटर पायी निघाले. वाटेत मुसळधार पाऊस लागला. ओल्या कपड्यांतच त्यांनी वर्ग घेतला. नंतर ताप आला आणि आजार फुप्फुसात उतरला. मेरी यांच्या माहेरी होमिओपॅथीचा प्रभाव होता. ज्या कारणाने आजार झाला त्याच कारणाशी मिळताजुळता उपाय करावा, या समजुतीने बूल यांना ओल्या चादरी गुंडाळण्यात आल्या, असे त्यांच्या एका मुलीच्या आठवणीवरून सांगितले जाते. फुप्फुसावरणात पाणी साठून ८ डिसेंबर १८६४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ४९ वर्षांचे.

यात मेरी यांना दोष देणे योग्य नाही. तेव्हा प्रतिजैविके नव्हती, एक्स-रे नव्हता, आणि ओल्या चादरींचे जलोपचार इंग्लंडमध्ये प्रतिष्ठित मानले जात. उपाय प्रेमाने केला होता. तो खरा की खोटा हे तपासण्याची रीत हाती नव्हती.

आज ती रीत आहे. भात रोवणीच्या दिवसांत बोदलकसा परिसरातील माणसे दिवसभर चिखल-पावसात असतात. न्यूमोनिया पावसामुळे होत नाही, जंतूंमुळे होतो. पण पावसाने आलेला ताप म्हणून तो अंगावर काढला जातो, आणि धोका तिथेच आहे. ताप, खोकला, धाप, श्वास घेताना छातीत कळ किंवा वृद्ध माणसाची अचानक भ्रमिष्ट अवस्था दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मुलांचा श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजावा. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल दूध-पाणी घेत नसेल, तर लगेच रुग्णालय. न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात मोफत आहे. ओले कपडे बदलावेत, अंग कोरडे व उबदार ठेवावे, पातळ पदार्थ द्यावेत. पण तपासणीला हा पर्याय नाही.

बूल गेले तेव्हा सर्वांत धाकटी मुलगी, एथेल, सात महिन्यांची होती. मेरी यांनी लंडनला नोकरी धरून पाच मुली वाढवल्या आणि लहान मुलांना हाताने करण्याच्या खेळांतून गणित कसे शिकवावे, यावर पुस्तके लिहिली. अ‍ॅलिसिया चार मितींच्या भूमितीत नावारूपाला आली. एथेल कादंबरीकार झाली. ल्यूसी रसायनशास्त्रज्ञ झाली आणि तिने लंडनमध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलींना शिकवले. वडिलांच्या उशाशी ज्या ज्ञानाची उणीव होती, त्या ज्ञानाच्या कामाला त्यांची एक मुलगी अशी लागली.