पंडिता रमाबाई आणि वरिष्ठांची आज्ञा

मंडळीत पाळकाचे ऐकावे, रानात जंगलखात्याचे. असे दोहोंकडून ऐकत राहिलेल्या मनुष्याच्या ठायी सद्गुण उरतो, की केवळ धाक? आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील प्रचारक बंधूंस हा प्रश्न नवा नाही. ह्यासाठी पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

बाई १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात जन्मल्या. पिता अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी विद्वानांचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले होते. तेच धन कन्येस मिळाले. दुष्काळात मातापिता गेली. पुढे विवाह झाला, पण दोन वर्षांच्या आत वैधव्य आले.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील भगिनींनी त्यांस व तान्ह्या मनोरमेस आश्रय दिला होता; अन्नवस्त्र त्यांचेच. तरीही त्रैक्याचा सिद्धांत केवळ मंडळी सांगते म्हणून मानण्यास बाईंनी नकार दिला. शास्त्रात शोधून पटेल तेच मानीन, असा त्यांचा आग्रह होता. तरुण पुरुषांस त्यांनी शिकवू नये, असे हिंदुस्थानातील बिशपांचे मत पडले. तेही त्यांना पटले नाही. ज्यांचे मीठ खातो त्यांस नाही म्हणणे किती जड, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. बाईंनी उपकार नाकारले नाहीत आणि ख्रिस्तासही सोडले नाही.

सरकारासही त्यांनी तसेच तोंड दिले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, ज्यात तेव्हा चांदा जिल्हाही होता, त्यांनी सुमारे ३०० मुली व विधवा आणिल्या. त्याच १८९७ साली पुण्याच्या सरकारी प्लेग-इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी वृत्तपत्रात उघड लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनी आरोप खोटे ठरविले. निराधार मुलींचा संसार सरकारी रोषावर टाकणे हे धाडसच. पण मुलींसाठीच ते लिहिणे होते.

एक गोष्ट झाकून ठेवू नये. केडगावच्या मुक्तीत पुढे शेकडो मुली बाईंच्याच आज्ञेत वाढल्या. शारदासदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात म्हणून १८९३ साली पुण्यात गदारोळ झाला, पुष्कळ पालकांनी मुली नेल्या. जी दुसऱ्याच्या सत्तेपुढे वाकली नाही, तिच्या सत्तेत लहान मुलीस नाही म्हणता येत होते काय? हे आम्हांस अजून टोचते.

१९१९ साली त्याच सरकाराने त्यांस कैसर-ए-हिंद पदक दिले. बाई तेव्हा मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्र मराठीत उतरविण्यात गढल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्या निवर्तल्या. भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले.