दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस

पुण्यात 'स्पायसर' हे नाव नवे नाही. औंध रस्त्यावरचे स्पायसर कॉलेज अनेकांना माहीत आहे, आणि तिथल्या बेकरीच्या पावाने तर ते नाव कॉलेजच्या फाटकाबाहेर घरोघरी नेले. पण ज्याच्या नावाचा हा पाव, तो माणूस कोण, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. माझ्या कुतूहलाचा आरंभ इथूनच झाला. शोध घेऊ लागलो तेव्हा जे चरित्र हाती आले त्यात ना रणसंग्राम होता, ना सिंहासन. होत्या त्या सभा, ठराव, पत्रे आणि आगबोटींचे प्रवास. तरीही हे चरित्र मला मोलाचे वाटते, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

विल्यम अॅम्ब्रोस स्पायसर यांचा जन्म डिसेंबर १८६५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. त्यांच्या आईवडिलांनी सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट पंथ स्वीकारला होता. शनिवार हा शब्बाथ म्हणून पाळणारा आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहणारा हा पंथ. १८६३ साली 'जनरल कॉन्फरन्स' या नावाने त्याची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, तेव्हा सभासद होते अवघे साडेतीन हजारांच्या आसपास. मिशिगनमधले बॅटल क्रीक हे या पंथाचे केंद्र. विल्यम तिथेच लहानाचे मोठे झाले. १८८७ साली त्यांना लंडनला पाठविण्यात आले. तेथे नियतकालिकाच्या कामात त्यांचा हात तयार झाला. परतल्यावर परदेशी मिशनच्या मंडळाचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले.

१८९८ साली ते कलकत्त्याला आले. 'ओरिएंटल वॉचमन' या मासिकाचे संपादन हे त्यांचे येथील मुख्य काम. अॅडव्हेंटिस्टांचे काम हिंदुस्थानात तेव्हा अगदीच कोवळे होते. पुस्तके विकणारे त्यांचे पहिले प्रचारक मद्रासला उतरल्याला पाचच वर्षे झाली होती. बंगालमध्ये कर्माटार येथे त्यांनी अनाथाश्रम चालविला होता. (आपल्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आयुष्याच्या उत्तरकाळात जेथे वास्तव्य केले, तेच हे गाव.) डिसेंबर १८९९ मध्ये तेथे देवीची साथ शिरली आणि थोड्याच दिवसांच्या अंतराने ब्राउन आणि मिशनचे प्रमुख रॉबिन्सन हे दोघे धर्मोपदेशक तिला बळी पडले. एवढ्या अफाट देशात त्यांच्या पंथाचे दीक्षित उपदेशक उरले ते एकटे स्पायसर. दोनचार माणसांच्या प्राणांवर उभे असलेले काम किती सहज कोसळू शकते, हे त्यांनी येथे प्रत्यक्ष अनुभवले. पुढच्या आयुष्यात माणसापेक्षा व्यवस्थेची चिंता त्यांनी अधिक वाहिली. तिचे मूळ मला या अनुभवात दिसते.

१९०१ साली ते अमेरिकेत परतले. तेच वर्ष या पंथाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी बॅटल क्रीकला भरलेल्या अधिवेशनात कारभाराची सारी घडीच बदलण्यात आली. तोवर मूठभर माणसे बॅटल क्रीकमध्ये बसून साता समुद्रांपलीकडचे निर्णय घेत होती. शिवाय धर्मशिक्षण, ग्रंथप्रसार, परदेशी मिशन यांच्या संस्था स्वतंत्र, म्हणून जो तो आपापल्या दिशेने ओढणारा. त्यातच कर्जाचा डोंगर! एलन व्हाइट यांनी या कारभारावर कठोर टीका केली आणि फेरबदलाला तोंड फुटले. प्रादेशिक 'युनियन कॉन्फरन्स' निर्माण करून त्या त्या भागाचे निर्णय तेथेच घ्यावेत असे ठरले. विखुरलेल्या संस्था हळूहळू मध्यवर्ती संस्थेची खाती बनल्या. पंचवीस जणांची कार्यकारिणी नेमण्यात आली. ऑस्ट्रेलियात अशा रचनेचा अनुभव घेऊन आलेले आर्थर डॅनियल्स हे तिचे प्रमुख झाले. स्पायसर प्रथम मिशन मंडळाचे आणि १९०३ पासून जनरल कॉन्फरन्सचे चिटणीस झाले.

या नव्या घडीची कसोटी लगेच लागली. डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचे भव्य आरोग्यधाम फेब्रुवारी १९०२ मध्ये आगीत भस्मसात झाले. ते पुन्हा उभारण्यासाठी केलॉग यांनी एक पुस्तक लिहिले. परमेश्वर चराचरात, माणसाच्या देहातही वास करतो, असा त्याचा रोख होता. इतरांना तो नवा वाटला असेल. स्पायसरांना मात्र तो ओळखीचा वाटला, कारण हिंदुस्थानात त्यांनी हा विचार जवळून पाहिला होता! त्यांनी पुस्तकाला ठाम विरोध केला. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे थोडे थांबावेसे वाटते. ज्या विचाराला आपल्याकडे शतकानुशतके मान मिळाला, त्यात स्पायसरांना धोका तेवढा दिसला. त्यांची ही दृष्टी मला एकांगी वाटते. परंतु पंथातल्या सर्वांत वजनदार व्यक्तीला भिडस्तपणे होकार न देता त्यांनी आपल्या श्रद्धेशी इमान राखले, हेही नाकारता येत नाही. १९०३ साली पंथाचे मुख्यालय बॅटल क्रीकहून वॉशिंग्टनला हलले, आणि १९०७ साली केलॉग पंथाबाहेर गेले.

पुढची वीसएक वर्षे म्हणजे चिटणिसाच्या टेबलावरचे काम. कुठल्या देशाला माणूस हवा, कोण जाऊ शकेल, कुणाची प्रकृती ढासळली, कुणाच्या जागी कोण, याचा अखंड पत्रव्यवहार चाले. स्पायसर स्वतःही सतत प्रवासात असत. लहानशी बॅग घेऊन, स्वस्त वर्गाने जाण्याचा त्यांचा शिरस्ता होता. जेथे जात तेथली हकीकत लिहून पंथाच्या नियतकालिकांना पाठवीत. त्यामुळे अमेरिकेतल्या खेड्यातल्या वर्गणीदाराला आपले पैसे कुठे जातात हे कळे. १९०० च्या सुमारास पाऊण लाख असलेली सभासदसंख्या १९२२ पर्यंत दोन लाखांवर गेली.

आणि मग १९२२ चे सॅन फ्रान्सिस्कोचे अधिवेशन आले. एकवीस वर्षे सूत्रे सांभाळणाऱ्या डॅनियल्स यांच्याविरुद्ध पत्रके निघाली होती, तट पडले होते, बरेच दिवस निर्णय होईना. अखेर अध्यक्षपद स्पायसरांकडे आले. ज्या सहकाऱ्याशी ते इतकी वर्षे निष्ठेने वागले, त्याचीच खुर्ची घ्यायची! त्यांना ती नको होती. आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेत असा प्रसंग आला, तर दुफळी ठरलेली. नवा गट, नवे कार्यालय, मग वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या. येथे घडले ते निराळेच. स्पायसर अध्यक्ष झाले आणि डॅनियल्स चिटणीस. दोघांनी जणू खुर्च्यांची अदलाबदल केली आणि काम पुढे चालू राहिले. मला या चरित्रातला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. १९०१ साली कागदावर लिहिलेली रचना माणसांच्या मानापमानाला पुरून उरते की नाही, हे त्या दिवशी ठरले.

आठ वर्षे अध्यक्षपद भूषवून १९३० साली स्पायसर पायउतार झाले, तेव्हा सभासद तीन लाखांवर गेले होते. त्यांच्यानंतर आलेले वॉटसन हे ऑस्ट्रेलियाचे. अमेरिकेबाहेरचे पहिले अध्यक्ष. स्पायसर मात्र त्यानंतरही साध्या कार्यकर्त्याच्या नात्याने बोलत, लिहीत, हिंडत राहिले. ऑक्टोबर १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले. १९१५ साली कोइमतूरला सुरू झालेली आणि पुढे त्यांचे नाव धारण केलेली शिक्षणसंस्था १९४२ साली पुण्यात आली होती.

या कथेला दुसरी बाजूही आहे. निर्णय स्थानिक पातळीवर घ्यावेत हे तत्त्व अमेरिकेत लवकर रुजले. हिंदुस्थानसारख्या देशात मात्र प्रमुख दीर्घकाळ बाहेरूनच येत राहिले. तो काळच साम्राज्यांचा होता, असे म्हणून ही उणीव झाकता येणार नाही.

असे असले तरी आपल्या मंडळांत, सोसायट्यांत, साहित्यसंस्थांत आणि विद्यार्थिसंघातही पहिल्या खुर्चीसाठी जी धडपड चालते ती पाहिली की मला स्पायसर आठवतात. संस्था पहिल्या खुर्चीमुळे दिसते, पण टिकते ती दुसऱ्या खुर्चीवर निमूटपणे काम करणाऱ्यांमुळे. आणि ज्याला पहिली खुर्ची घेताना संकोच वाटतो व सोडताना दुःख होत नाही, त्याच्या हातीच ती सुरक्षित राहते.